कॅपॅसिटर लावूनही बिल का कमी होत नाही? पॉवर फॅक्टरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विचारतात ते बहुतेक एमआयडीसीतले छोटे कारखानदार, यंत्रमागवाले, फाउंड्रीवाले, आणि अधूनमधून डीपी जळाला म्हणून वैतागलेले शेतकरी. उत्तरं तीन फेज, ४१५ व्होल्ट आणि महाराष्ट्रातली बिलाची पद्धत धरून दिली आहेत. ज्याला आपण पुस्तकात कॅपॅसिटर म्हणतो त्याला वायरमन कंडेन्सर म्हणतो, वस्तू एकच.

पॉवर फॅक्टर म्हणजे नक्की काय? बिलावर ०.७५ छापून आलंय.

मोटर फिरायला दोन गोष्टी लागतात. एक, प्रत्यक्ष काम करणारी वीज, ती किलोवॅटमध्ये मोजतात. दुसरी, मोटरच्या लोखंडात चुंबकत्व उभं करणारी वीज. ती सेकंदाला अनेक वेळा मोटरकडे जाते आणि परत येते, खर्च होत नाही. तिला रिअॅक्टिव्ह म्हणतात आणि केव्हीएआरमध्ये मोजतात. दूध संघाच्या टेंपोत भरलेल्या कॅनबरोबर रिकामे कॅनही फिरतात. पैसे दुधाचे मिळतात, पण टेंपोत जागा दोन्ही कॅन घेतात. तसंच इथे केबल, स्विच आणि ट्रान्सफॉर्मर यांना दोन्ही विजांचा करंट वाहावा लागतो. एकूण वाहिलेली वीज म्हणजे केव्हीए. किलोवॅट भागिले केव्हीए केलं की पॉवर फॅक्टर येतो.

०.७५ म्हणजे १०० केव्हीए वाहून नेताय आणि काम ७५ किलोवॅटचंच होतंय. बेरीज मात्र सरळ होत नाही, ७५ आणि २५ अशी विभागणी नसते. दोन्ही विजा काटकोनात असतात, म्हणून या उदाहरणात रिअॅक्टिव्ह सुमारे ६६ केव्हीएआर निघतं. हा आकडा ऐकून बरेच जण दचकतात.

कॅपॅसिटर नेमकं काय करतो? वीज वाचवतो का?

मोटरला रिअॅक्टिव्ह हवी असते त्या क्षणी कॅपॅसिटर ती सोडतो, आणि मोटर परत करते तेव्हा घेतो. हा देवाणघेवाणीचा व्यवहार मग कारखान्यातच होतो, महावितरणच्या तारेपर्यंत जात नाही. मोटर पूर्वीइतकीच रिअॅक्टिव्ह वापरते. फक्त ती आता जवळून येते.

कॅपॅसिटर जिथे जोडला आहे तिथून मागे, म्हणजे सप्लायच्या बाजूला करंट कमी होतो. ५० किलोवॅटचा लोड ०.७५ ला सुमारे ९३ अँपिअर ओढतो, तोच ०.९८ ला ७१ वर येतो. तारेतला उष्णतेचा नाश करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तेवढ्या भागातला नाश ४० टक्क्यांच्या आसपास घटतो. पण छोट्या कारखान्यात मुळात केबलमधला नाश एकूण वापराच्या दोनतीन टक्केच असतो. त्यामुळे "कॅपॅसिटर लावा, युनिट ३० टक्के कमी" असं सांगणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवावं. फायदा होतो तो बिलाच्या हिशेबात, आणि केबल-ट्रान्सफॉर्मरवर मोकळी झालेल्या जागेत.

बिलाच्या हिशेबात म्हणजे कसा?

महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे वाहिलेल्या एकूण केव्हीए-तासांवर, बिल येतं. आधी केडब्ल्यूएचवर, म्हणजे नेहमीच्या किलोवॅट-तासाच्या युनिटवर, बिल आणि त्यावर पॉवर फॅक्टरचा दंड किंवा सवलत अशी पद्धत होती. आता दंडाची वेगळी ओळ नाही, त्यामुळे काही जणांना वाटतं दंड संपला. संपला नाही, तो युनिटमध्ये विरघळला. लघुदाब ग्राहकांनी आपल्या बिलावर एनर्जी चार्जचं एकक काय लिहिलंय ते स्वतः वाचावं.

समजा महिन्याचा खरा वापर १०,००० केडब्ल्यूएच. पॉवर फॅक्टर ०.८० असेल तर बिल १२,५०० केव्हीएएचचं येईल. तोच ०.९८ असेल तर १०,२०४ चं. म्हणजे जवळजवळ २,३०० युनिट असे, ज्यातून एक बोल्टसुद्धा तयार झाला नाही. त्याला तुमच्या दराने गुणा आणि पॅनेलच्या कोटेशनशेजारी ठेवा. शिवाय डिमांड चार्ज, म्हणजे महिन्यातल्या सर्वाधिक मागणीचा आकार, केव्हीएवर असतो. ०.७५ ला ५० किलोवॅटची डिमांड ६७ केव्हीए नोंदते, ०.९८ ला ५१.

मग पॉवर फॅक्टर जितका "पुढे" तितका चांगला ना? सगळे कॅपॅसिटर कायम चालू ठेवतो.

हीच सवय सगळ्यात महाग पडते. गरजेपेक्षा जास्त कॅपॅसिटर चालू राहिले की पॉवर फॅक्टर लीडिंग होतो, म्हणजे तुम्हीच ग्रीडमध्ये रिअॅक्टिव्ह ढकलता. पूर्वी आपल्याकडे लीडकडे कुणी फारसं बघत नसे. सप्टेंबर २०१८ पासून राज्य वीज नियामक आयोगाच्या दर आदेशाने लीडही हिशेबात आलं. केव्हीएएच काढताना लॅगचं (ग्रीडकडून घेतलेलं) रिअॅक्टिव्ह आणि लीडचं (ग्रीडमध्ये ढकललेलं) रिअॅक्टिव्ह यांची बेरीज होते. एकातून दुसरं वजा होत नाही.

याचा अर्थ दिवसा कमी पडलेले कॅपॅसिटर रात्री जास्त ठेवून भरून निघत नाहीत, उलट दोन्ही खड्डे जमा होतात. रविवारी कारखाना बंद, आत फक्त वॉचमनचा दिवा आणि पंखा, आणि पॅनेलवर २५ केव्हीएआर मॅन्युअलवर सोडलेले: मीटर दिवसभर लीड मोजत बसतो. बिलाचा पॉवर फॅक्टर पडला म्हणून मालक आणखी कॅपॅसिटर विकत आणतो आणि पुढच्या महिन्यात तो आणखी पडतो. म्हणून काहीही विकत घेण्याआधी बिलावरचे किंवा मीटरवरचे लॅग आणि लीड हे दोन आकडे वेगवेगळे बघा. लीड मोठं असेल तर तुम्हाला कॅपॅसिटर घ्यायचे नाहीत, आहेत ते वेळेवर बंद करायचे आहेत.

मला किती केव्हीएआर लागतील?

पॉवर फॅक्टर हा एका कोनाचा कोसाइन असतो, त्यावरून सूत्र सोपं आहे: किलोवॅट गुणिले (आत्ताच्या कोनाचा टॅन वजा हव्या त्या कोनाचा टॅन). ०.७५ चा टॅन ०.८८२, ०.९८ चा ०.२०३. फरक ०.६७९. ५० किलोवॅटला गुणलं की ३४ केव्हीएआर.

इथे एक गफलत नेहमी होते. कॅपॅसिटरवर छापलेली क्षमता त्याच्यावर छापलेल्या व्होल्टेजला असते, आणि प्रत्यक्ष क्षमता व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. ४४० व्होल्टचा १० केव्हीएआर कॅपॅसिटर ४१५ ला ८.९ च देतो. ५२५ व्होल्टचा असेल तर फक्त सव्वासहा. म्हणजे ३४ हवे असतील तर ४४० व्होल्टचे ४० घ्यावे लागतात, ते ४१५ ला साडेपस्तीस भरतात. दोन कोटेशनमध्ये "४० केव्हीएआर" सारखंच लिहिलेलं असलं तरी व्होल्टेज वेगळं असेल तर माल वेगळा आहे.

किलोवॅटचा आकडा मोटरच्या पाट्यांची बेरीज करून काढू नका. दिवसभराचा लोड मीटरमधून काढून घ्या किंवा एक आठवडा लॉगर लावा. सरासरी पॉवर फॅक्टरवरून काढलेला आकडाही फसवतो, कारण जेवणाच्या सुट्टीत आणि पूर्ण शिफ्टमध्ये गरज निराळी असते.

आमच्या सगळ्या मोटरी तर नवीन आहेत, मग फॅक्टर खराब का?

मोटर नवी की जुनी यापेक्षा ती किती भरून चालते हे महत्त्वाचं. चुंबकत्वाला लागणारी रिअॅक्टिव्ह लोड असो वा नसो, जवळपास तेवढीच लागते. पूर्ण लोडवर ०.८५ दाखवणारी मोटर रिकामी फिरताना ०.२ ते ०.३ पर्यंत उतरते. पाच एचपीचं काम असलेल्या जागी "असू दे, पुढे लागेल" म्हणून दहाची मोटर बसवली की हेच होतं. वेल्डिंगचे ट्रान्सफॉर्मर तर कामावर असतानाही ०.३५ ते ०.५ च्या घरात असतात. दोन वेल्डच्या मध्ये सेट चालू ठेवून बिडी ओढायला जाणं ही रिअॅक्टिव्हची शुद्ध उधळपट्टी. आधी हे आवरा, मग कॅपॅसिटर मोजा.

प्रत्येक मोटरला वेगळा कॅपॅसिटर की मेन पॅनेलवर एकच ऑटोमॅटिक?

कंप्रेसर, मोठा पंप, ब्लोअर अशी तासन्‌तास एकसारखी चालणारी मोटर असेल तर तिच्या टर्मिनलजवळच लावणं उत्तम. मोटर बंद झाली की कॅपॅसिटरही बंद, लीडची भीती नाही, आणि मोटरपर्यंतच्या केबललाही आराम. फक्त कॅपॅसिटरचा करंट मोटरच्या नो-लोड चुंबकन करंटच्या ९० टक्क्यांवर जाऊ देऊ नका. जास्त झाला तर सप्लाय तुटल्यावर फिरती मोटर जनरेटरसारखी वागते आणि टर्मिनलवर धोक्याचं व्होल्टेज येतं. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी कमी व्होल्टेजवर उठवून मग पूर्णवर नेणारा) असेल तर जोडणीची जागा जाणकाराकडूनच ठरवून घ्या. कॅपॅसिटर मोटरच्या बाजूला चुकीच्या जागी बसला, तर स्टारमधून डेल्टात जाताना कॉन्टॅक्टरचे (विजेवर चालणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळतात.

लोड सारखा बदलत असेल, वीसपंचवीस छोट्या मोटरी आळीपाळीने चालत असतील, तर एपीएफसी (ऑटोमॅटिक पॉवर फॅक्टर कंट्रोल) पॅनेलला पर्याय नाही. त्यात रिले, म्हणजे पॉवर फॅक्टर बघणारा नियंत्रक, गरजेप्रमाणे कॅपॅसिटरचे टप्पे जोडतो आणि काढतो. वरच्या ४० केव्हीएआरसाठी चार दहाचे टप्पे स्वस्त पडतील, पण कमी लोडला रिले एकतर शून्यावर राहील किंवा एकदम दहा घालून लीडमध्ये जाईल. अडीच, अडीच, पाच, दहा, दहा, दहा असे टप्पे केले तर हिशेब जमतो. कॉन्टॅक्टर साधा नको, कॅपॅसिटर ड्यूटीचा हवा. त्याला आधी क्षणभर लागणारे रेझिस्टन्सचे जास्तीचे पॉइंट असतात, ते चालू करतानाचा करंटचा झटका अडवतात.

ऑटोमॅटिक पॅनेल बसवलं, तरी फॅक्टर सुधारला नाही. रिले खराब आहे का?

रिले क्वचित खराब असतो. नव्वद टक्के वेळा सीटीचा, म्हणजे रिलेला करंट दाखवणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचा, घोळ असतो, आणि तो तीन तऱ्हांचा.

पहिली तऱ्हा जागेची. सीटीमधून कारखान्याचा लोड आणि कॅपॅसिटर दोघांचाही करंट गेला पाहिजे, म्हणजे तो मेन इनकमरवर (सप्लाय आत येतो त्या मुख्य स्विचवर), दोघांच्याही आधी हवा. कॅपॅसिटरच्या फीडरनंतर बसला तर रिलेला फक्त लोड दिसतो. कितीही टप्पे जोडले तरी फरक दिसत नाही, म्हणून तो सगळे जोडून टाकतो. सीटीने फक्त कॅपॅसिटर बघितला तर उलटा तमाशा.

दुसरी फेजची. एका सीटीवर चालणाऱ्या बऱ्याच रिलेंना करंट आर फेजचा आणि व्होल्टेज वाय-बी चं लागतं. केबल बदलताना फेज फिरले की रिले भलताच कोन वाचतो.

तिसरी पोलॅरिटीची, म्हणजे सीटीच्या एस१-एस२ या दोन तारा उलट्या. तपासायची रीत अशी: सगळे टप्पे मॅन्युअलवर बंद करा, ओळखीच्या दोनचार मोटरी चालू करा. रिलेवर ०.७-०.८ लॅग दिसायला हवं. लीड किंवा उणे काही दिसलं तर रिलेला दोष न देता सीटीकडे जा. मात्र चालू लाइनवर सीटीच्या दुय्यम तारा सोडू नका. उघड्या सीटीवर जीवघेणं व्होल्टेज उभं राहतं. आधी शॉर्ट करा, शक्य असेल तर लाइनच बंद करा.

आणि एक चौथी, शहाणपणातून आलेली चूक: "पुढे लोड वाढेल" म्हणून ९० अँपिअरच्या लोडवर ४००/५ चा सीटी. मग छोटा टप्पा रिलेच्या नजरेतच येत नाही.

व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावलेल्या मोटरीला कॅपॅसिटर लावू का?

व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये कधीच नाही. ड्राइव्हचं आउटपुट जळेल. सॉफ्ट स्टार्टर आणि मोटरच्या मध्येही नाही. व्हीएफडीच्या सप्लायच्या बाजूला कॅपॅसिटरची गरज बहुधा नसते, कारण तिथे करंट व्होल्टेजच्या फार मागे नसतो. तरी मीटर कमी फॅक्टर दाखवतो, तो हार्मॉनिक्समुळे, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या जास्तीच्या लहरींमुळे. करंटचा आकारच बिघडलेला असतो, आणि तो बिघाड नुसत्या कॅपॅसिटरने दुरुस्त होत नाही.

कॅपॅसिटर दर पावसाळ्याआधी फुगतात. कंपनी बदलू का?

बदला, पण आधी करंट मोजा. १० केव्हीएआर, ४४० व्होल्टच्या कॅपॅसिटरने ४१५ ला प्रत्येक फेजमध्ये सुमारे साडेबारा अँपिअर घ्यायला हवेत. ट्रू आरएमएस (बिघडलेल्या आकाराचा करंटही बरोबर मोजणाऱ्या) टाँग टेस्टरवर १७-१८ दिसले तर हार्मॉनिक्स त्याला खातायत. मानकानुसार कॅपॅसिटरने रेटेड करंटच्या १.३ पट कायम सोसायला हवं, त्यापुढे त्याचा दोष नाही.

फाउंड्रीत हे फार दिसतं. इंडक्शन फर्नेसचा सहा पल्सचा कन्व्हर्टर पाचवी आणि सातवी हार्मॉनिक सोडतो. ट्रान्सफॉर्मर आणि कॅपॅसिटर मिळून एका विशिष्ट फ्रीक्वेन्सीला रेझोनन्समध्ये येतात, म्हणजे त्या फ्रीक्वेन्सीची लहर अनेक पटींनी वाढवतात. ती ओळखायला ट्रान्सफॉर्मरची शॉर्टसर्किट क्षमता भागिले केव्हीएआर करून वर्गमूळ काढा. ५०० केव्हीए, ५ टक्के इंपीडन्सचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे १०,००० केव्हीए. त्यावर २०० केव्हीएआर चालू असतील तर वर्गमूळ ७.०७. बरोबर सातव्याच्या मानगुटीवर. अशा ठिकाणी प्रत्येक टप्प्यामागे डीट्यून्ड रिअॅक्टर (ही फ्रीक्वेन्सी हार्मॉनिकपासून दूर नेणारी कॉइल) हवा. ७ टक्क्यांचा रिअॅक्टर ती फ्रीक्वेन्सी १८९ हर्ट्झवर, म्हणजे पाचव्याच्या २५० च्या बरीच खाली आणतो. पण रिअॅक्टर लावला की कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज वाढतं, ४१५ चं ४४६ होतं. म्हणून तिथे ४८० किंवा ५२५ व्होल्टचे कॅपॅसिटर लागतात. जुन्या ४४० च्या कॅपॅसिटरमागे नुसता रिअॅक्टर जोडून देणारा माणूस तुमचे पैसे दोनदा घेतो.

दुसरं कारण उष्णता. साधारण चांगल्या प्रतीचा कॅपॅसिटर भोवतालच्या ५५ अंशांपर्यंत चालतो, पण तेही थोडा वेळ. वर्षाची सरासरी ३५ च्या आत धरलेली असते. इचलकरंजी किंवा मालेगावच्या शेडमध्ये पॅनेलच्या पंख्याची जाळी बोटाने खरवडून बघा. कापसाची नमद्यासारखी गादी निघते. आत पंखा गरगर फिरतोय आणि हवा काडीची जात नाही.

छतावर सोलर बसवल्यापासून पॉवर फॅक्टर पडला. असं कसं?

सोलर इन्व्हर्टर साधारणपणे फक्त किलोवॅट देतो. समजा लोड ५० किलोवॅट आणि २५ केव्हीएआर. दुपारी सोलरने ४० किलोवॅट दिले. ग्रीडकडून आता १० किलोवॅट येतात, रिअॅक्टिव्ह मात्र २५ च. मीटरला दिसतो ०.३७. कारखान्यात काहीच बिघडलेलं नाही. रिले चार क्वाड्रंटचा (वीज आत येते की बाहेर जाते तेही ओळखणारा) घ्या, सीटी ग्रीडच्या बाजूला आहे याची खात्री करा, आणि टार्गेट वाढवून उरलेलं रिअॅक्टिव्हही भागवा. काही इन्व्हर्टरना स्वतःच रिअॅक्टिव्ह द्यायची सेटिंग असते, ती आधी विचारा.

शेतातल्या मोटरला कॅपॅसिटर लावून मला काय मिळणार? बिल तर एचपीवर येतं.

बिलात काही नाही, खरं आहे. मिळतं ते व्होल्टेज. एका डीपीवर पंधरा मोटरी, सगळ्यांचा करंट थोडा थोडा कमी झाला तर शेवटच्या विहिरीपर्यंत व्होल्टेज टिकतं, वाइंडिंग कमी जळतात आणि डीपीही. साधारण हिशेब: ३ एचपीला १, ५ ला २, साडेसातला ३ आणि १० एचपीला ४ केव्हीएआर. एकट्याने लावून फरक जाणवत नाही, डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून लावावा लागतो, आणि गाडं इथेच अडतं. सोबत ऑटो-स्विच काढा. लाइट आली की पंधराच्या पंधरा मोटरी एकाच क्षणी उठतात, तेव्हा कॅपॅसिटर डीपीला वाचवू शकत नाही.

ऑनलाइन मिळणारं "पॉवर सेव्हर" घरी सॉकेटला लावलं तर?

नको. आत एक छोटा कॅपॅसिटर आणि एक दिवा असतो. घरगुती बिल केडब्ल्यूएचवर येतं. विक्रेता अँपिअर मीटर लावून करंट कमी झालेला दाखवतो, आणि तो खरंच कमी होतो. मीटरचे युनिट मात्र होते तेवढेच पडतात. पंख्यातल्या अडीच मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरशी याची गल्लत नको. त्याची गरज पंखा सुरू होऊन फिरण्यासाठी असते, बिलाशी त्याचा संबंध नाही.

देखभाल काय करायची?

महिन्यातून एकदा प्रत्येक टप्पा मॅन्युअलवर चालू करून तिन्ही फेजचा करंट लिहून ठेवा. सेल्फ-हीलिंग (आतला छोटा फॉल्ट आपोआप बुजवणारा) कॅपॅसिटर एकदम मरत नाही, झिजत जातो. साडेबाराचे अकरा, मग नऊ. रिलेच्या स्क्रीनवर टप्पा "चालू" दिसत राहतो, आत मात्र अर्धाच उरलेला असतो.

शंका आली तर काढून मायक्रोफॅरड मोजा. १० केव्हीएआर, ४४० व्होल्टच्या कॅपॅसिटरला कुठल्याही दोन टर्मिनलमध्ये सुमारे ८२ दिसायला हवेत, आणि तिन्ही जोड्यांत जवळजवळ सारखे. मोजण्याआधी सप्लाय तोडून पाच मिनिटं थांबा. डिस्चार्ज रेझिस्टन्स चांगला असेल तर आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तीन मिनिटांत व्होल्टेज ७५ च्या खाली यायला हवं, पण रेझिस्टन्स तुटलेला असू शकतो. म्हणून मीटरने व्होल्टेज बघा आणि मगच हात लावा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करण्याची मर्दुमकी नको, टर्मिनल वितळतं आणि कधीकधी डोळाही जातो.

रिलेमध्ये टप्पा पुन्हा जोडण्याआधीचा वेळ कॅपॅसिटरच्या डिस्चार्जच्या वेळेपेक्षा कमी ठेवू नका. भरलेल्या कॅपॅसिटरवर उलट्या फेजने सप्लाय आला की कॉन्टॅक्टर चिकटतो.

जुने तेलाचे कॅपॅसिटर भंगारात देऊ का?

फोडू नका आणि फोडणाऱ्याला देऊ नका. फार जुन्या डब्यांत पीसीबी नावाचं विषारी तेल असू शकतं; केंद्र सरकारने २०१६ मध्ये आदेश काढून त्याचं उत्पादन आणि आयात बंद केली, आणि वापर २०२५ अखेरपर्यंत पूर्ण थांबवायला सांगितला. पाटीवर साल आणि तेलाचं नाव वाचा, आणि तसं काही असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयात विचारून मान्यता असलेल्या ठिकाणीच पाठवा. गळणारा डबा असेल तर तोपर्यंत पत्र्याच्या ट्रेमध्ये, छपराखाली ठेवा.